शून्याखाली कंपोझिट ‘नुसतं इलॅस्टिक’ धरायचं का?

शीतकोश

नमस्कार मंडळी. एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, तो इथल्या जाणकारांपुढे ठेवतो.

द्रव नायट्रोजनच्या टाकीचं आतलं भांडं बाहेरच्या कवचाला धरून ठेवणारे आधार आम्ही ग्लास-एपॉक्सीचे (काचतंतू आणि एपॉक्सी रेझिन यांचं कंपोझिट) करतोय. नळीसारखा आकार, दोन्ही टोकांना फ्लॅन्ज, त्यातून स्टेनलेसचे बोल्ट. एक टोक खोलीच्या तापमानाला, दुसरं उणे १९६ अंशांना. म्हणजे मधलं प्रत्येक तापमान त्याच एका नगात कुठे ना कुठे हजर असतं.

डिझाइनच्या बैठकीत असं ठरलं, की थंडीत पॉलिमर गोठतो, क्रीप (सततच्या भाराखाली हळूहळू होणारा आकारबदल) थांबतो, तेव्हा इलॅस्टिक मॉड्युलस (ताठपणाचं माप) घालून गणित उरका, व्हिस्कोइलॅस्टिक, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या ताठपणाच्या, प्रकरणात शिरायची गरज नाही. ऐकायला पटतं. पण मोजायला गेलो तर वेगळंच दिसायला लागलं. डीएमएवर (पट्टी सतत किंचित हलवून तिचा ताठपणा मोजणारं यंत्र) १ हर्ट्झला टॅन डेल्टाचं (दर फेरीत किती ऊर्जा वाया जाते त्याचं माप) एक बसकं, पसरट शिखर उणे ५० च्या आसपास आलं. ग्लास ट्रान्झिशन (ज्याच्या वर काचेसारखं ताठ रेझिन मऊ पडतं ते तापमान) तर १५० च्याही वर आहे, मग हे काय? दुसरं म्हणजे, उणे १०० ला ठरावीक वाकवून रात्रभर धरलेल्या पट्टीवरचा लोड सकाळपर्यंत चांगलाच उतरला होता. आणि एक जोडणी थंड करून परत खोलीच्या तापमानाला आणली, तर बोल्ट सैल.

हे सगळं एकाच कारणाने होतंय का? आणि ‘नुसतं इलॅस्टिक’ हे नेमकं कुठपर्यंत धरून चालतं?

तंतुमय

छान धागा. उत्तराआधी एक विचारतो, डीएमएची पट्टी कुठल्या दिशेने कापली होती? तंतू पट्टीच्या लांबीला समांतर असतील तर यंत्र मुख्यतः तंतूच मोजतं. एकदिशा कार्बन लॅमिनेटचा (थरांवर थर चिकटवून केलेल्या पत्र्याचा) तंतूंच्या दिशेचा मॉड्युलस १३०-१४० गिगापास्कल असतो. त्यात ३ गिगापास्कलच्या रेझिनचा आवाज ऐकूच येत नाही, टॅन डेल्टाची रेघ सपाट दिसते, आणि मग कुणीतरी ‘थंडीत काहीच घडत नाही’ असा निष्कर्ष लिहून मोकळं होतं. रेझिन बघायचं तर पट्टी ९० अंशांना किंवा ±४५ ला कापायला हवी.

आणखी एक. पट्टी फार ताठ असली तर यंत्राची स्वतःची फ्रेमच वाकायला लागते आणि मॉड्युलस कमी दिसतो. थंडीत पट्टी आणखी ताठ होते, त्यामुळे ही चूकही वाढत जाते. पट्टी पातळ ठेवा, आधारांमधलं अंतर मोठं ठेवा.

शीतकोश

विणलेल्या कापडाचं लॅमिनेट आहे. पट्टी ±४५ ला कापलेली, पातळ.

अनाहत_कंप

मग ते शिखर खरं आहे. त्याला बीटा रिलॅक्सेशन म्हणतात आणि अमाइनने क्युअर केलेल्या (रासायनिक क्रियेने कडक केलेल्या) जवळपास प्रत्येक एपॉक्सीत ते सापडतं.

ग्लास ट्रान्झिशनच्या खाली साखळ्यांचे लांबलचक तुकडे हलायचे थांबतात, हे बरोबर. पण छोटे तुकडे हलत राहतात. एपॉक्सीच्या जाळ्यात ईथरच्या ऑक्सिजनपासून हायड्रॉक्सिल गटापर्यंतचा चार-पाच अणूंचा जो भाग असतो, तो दोन टोकं जागेवर ठेवून मधल्यामध्ये फिरू शकतो. बीटा शिखर मुख्यतः याचं. त्याहून खाली, उणे १२० ते १४० च्या पट्ट्यात, गॅमा नावाचं आणखी लहान शिखर असतं. ते याहूनही छोट्या गटांचं. म्हणून माझ्या मते ‘गोठला’ हा शब्दच दिशाभूल करतो. थंडीत एकेक हालचाल क्रमाने मंदावत जाते, आणि ती थांबली की नाही, हे तुम्ही किती वेळ थांबून बघता त्यावर ठरतं.

तुमच्याच आकड्यांवर हिशेब करून दाखवतो. बीटाची ॲक्टिव्हेशन एनर्जी (हालचालीला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडसर) साधारण ६५ किलोज्यूल प्रतिमोल धरू, एपॉक्सींसाठी हा रास्त आकडा आहे. शिखर १ हर्ट्झला उणे ५० ला आलं म्हणजे तिथे रिलॅक्सेशनचा वेळ (ताण ओसरायला लागणारा वेळ) सुमारे ०.१६ सेकंद. अरेनियसच्या नियमाने (तापमान उतरतं तसा हा वेळ घातांकी पद्धतीने वाढतो) तो पुढे ताणत न्या. उणे ७० ला होतात ५ सेकंद. उणे १०० ला तासाच्या थोडं वर. उणे १३० ला दीड वर्षाहून जास्त. आणि उणे १९६ ला १० चा २८ वा घात इतके सेकंद, म्हणजे विश्वाचं वयही त्यापुढे काहीच नाही.

आता रात्रभर धरलेल्या पट्टीकडे बघा. उणे १०० ला डीएमए १ हर्ट्झने विचारतं तेव्हा रेझिन ‘मी ताठ आहे’ म्हणतं. तेच रेझिन आठ-दहा तास धरलं की सोडून देतं, कारण त्याचा तिथला वेळच तासाभराचा आहे. दोन्ही मोजमापं बरोबर आहेत. विचारलेले प्रश्न वेगळे होते.

एक सावधगिरी. बीटाचं शिखर पसरट असतं, म्हणजे त्यात एकच वेळ नसून अनेक दशकांवर पसरलेले वेळ असतात. वरचे आकडे मधल्या माणसाचे समजा, त्याच्या पुढेमागे बरेच जण आहेत.

रेझिनवाली

अनाहत_कंप, इतकं सोपं करून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. यात एक भर घालते, कारण ही चूक मी कितीतरी रिपोर्टांत पाहिली आहे. लोक वेळ-तापमानाची सांगड घालताना सरळ डब्ल्यूएलएफ समीकरण उचलतात. १९५५ सालचं ते विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांचं समीकरण, १७.४४ आणि ५१.६ या स्थिरांकांसकट. पण ते लागू आहे ग्लास ट्रान्झिशनपासून वर साधारण १०० अंशांपर्यंत. त्याच्याखाली, काचेसारख्या अवस्थेत, ते लावायचंच नाही. तिथे बीटासाठी अरेनियस, आणि ॲक्टिव्हेशन एनर्जी स्वतःच्या रेझिनवर दोन-तीन फ्रिक्वेन्सीला मोजून काढलेली. फ्रिक्वेन्सी दसपट केली की तुमचं शिखर १५ अंशांच्या आसपास वर सरकलं पाहिजे. सरकलंच नाही तर ते शिखर रेझिनचं नाही, दुसरं काहीतरी आहे.

आता बोल्टांकडे येते. धाग्यातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे कारण वेगळं आहे. निदान अर्धं तरी.

ग्लास-एपॉक्सी कापडाच्या प्रतलात फारसं आकसत नाही, तंतू धरून ठेवतात. जी-१० प्रकारचं लॅमिनेट खोलीच्या तापमानापासून द्रव नायट्रोजनपर्यंत नेलं तर ताण्याच्या (कापडातल्या उभ्या धाग्यांच्या) दिशेने ०.२१ टक्क्याच्या आसपास आकसतं. जाडीच्या दिशेने मात्र तंतूंचा अटकाव नाही, तिथे हाच आकडा ०.६४ टक्के. स्टेनलेस ०.२८ टक्के.

समजा १० मिलिमीटर जाडीचा ग्लास-एपॉक्सी फ्लॅन्ज, १० मिलिमीटरच्या स्टेनलेस फ्लॅन्जला बोल्टने आवळलाय. थंड केल्यावर कंपोझिट फ्लॅन्ज ६४ मायक्रोमीटरने पातळ होणार, त्या उंचीतला बोल्ट आकसणार २८ ने. फरक ३६ मायक्रोमीटर. बोल्ट ३०० मेगापास्कल ताणाला आवळला असेल तर २० मिलिमीटर लांबीत तो ताणला गेला किती? ३० मायक्रोमीटर! फ्लॅन्ज स्वतः थोडा दाबलेला असतो, तो थोडा परत फुगून हातभार लावतो. पण प्रीलोडचा (आवळताना बोल्टमध्ये भरलेल्या ओढीचा) बहुतेक भाग गेलाच समजा. यात व्हिस्कोइलॅस्टिक काही नाही, शुद्ध आकसणं आहे.

शीतकोश

हा हिशेब आम्ही केलाच नव्हता. पण मग परत गरम केल्यावर प्रीलोड जसाच्या तसा यायला हवा ना? बोल्ट तर नंतरही सैल होते.

रेझिनवाली

बरोबर विचारलंत, उरलेलं अर्धं ते आहे. आकसणं उलटं फिरतं. क्रीप लगेच फिरत नाही. जाडीच्या दिशेने बोल्टचा सगळा दाब रेझिनवर असतो, तंतू त्या दिशेला उभेच नाहीत. आणि क्रीप सगळ्यात जास्त होतो तो खोलीच्या तापमानाला, आवळल्यापासून पुढचे काही तास. त्यात पृष्ठभागांचे उंचवटे दबून बसणं आलं. म्हणजे ‘थंडीत सैल झालं’ असं वाटतं, पण बरीच सैलाई थंड करायच्या आधीच, टाकी शांतपणे टेबलावर असताना, होऊन गेलेली असते. थंड-गरम चक्राने उरलंसुरलं बसवून टाकलं. तुमच्या आधाराच्या गरम टोकाकडे बघा, क्रीपची काळजी तिथे करायची आहे.

उपाय जुनेच आहेत. आवळून निदान एक दिवस राहू द्या, मग परत टॉर्क द्या. बेलव्हिल वॉशरची (बशीच्या आकाराच्या स्प्रिंग वॉशरची) चवड घाला, म्हणजे थोडं अंतर घटलं तरी दाब एकदम ढासळत नाही. किंवा बोल्टच्या डोक्याखाली इन्व्हारची (लोखंड-निकेलच्या मिश्रधातूची) बाही. इन्व्हार या टप्प्यात ०.०४ टक्केच आकसतं, तेव्हा वरच्या उदाहरणातले ३६ मायक्रोमीटर भरून काढायला १५ मिलिमीटरची बाही पुरते. लांब बोल्ट जास्त आकसतो, बाही जवळजवळ आकसत नाही, हिशेब जुळतो.

तंतुमय

+१. इन्व्हारच्या बाहीचा हिशेब वहीत उतरवून घेतला.

डीएमए करणाऱ्यांसाठी एक बारकी गोष्ट लिहून ठेवतो, कारण नवीन मुलं इथे हमखास फसतात. पट्टी उणे १५० पर्यंत थंड करून वर येताना शून्याच्या आसपास लॉस मॉड्युलसमध्ये (वाया जाणाऱ्या ऊर्जेच्या मापात) एक टोकदार उसळी दिसते आणि मुलं तिला नवं ट्रान्झिशन म्हणून नाव देतात. ते असतं क्लॅम्पवर जमलेलं दव. कक्ष कोरड्या नायट्रोजनने नीट धुतला नाही तर ओलावा गोठून क्लॅम्प आणि पट्टी यांच्या बेचक्यात पांढरा थर धरतो, शून्याला तो वितळतो आणि पकड क्षणभर बदलते. ओळखायचं कसं, तर फ्रिक्वेन्सी बदला. बर्फ कुठल्याही फ्रिक्वेन्सीला शून्यालाच वितळतो, खरं रिलॅक्सेशन जागा बदलतं. रेझिनवाली यांनी वर दिलेली कसोटीच.

पट्टी आकसल्यामुळे क्लॅम्प ढिले पडतात, तेही लक्षात असू द्या. थंड झाल्यावर एकदा थांबून आवळायचे.

नवखा_वाचक

मी या विषयात नवीन आहे, चुकीचं विचारत असेन तर सांगा. थंडीत रेझिनचा मॉड्युलस वाढतो, क्रीप कमी होतो, म्हणजे वस्तू मजबूत झाली ना? मग थंडीत लॅमिनेटला तडे जातात असं सगळीकडे का वाचायला मिळतं?

अनाहत_कंप

अजिबात चुकीचं नाही, मुळावरच बोट ठेवलंत.

आकडे खरंच छान दिसतात. एपॉक्सीचा मॉड्युलस खोलीच्या तापमानाला ३ गिगापास्कल, तो ४ केल्विनला (उणे २६९ अंशांना) ७-८ पर्यंत जातो. काचतंतूची ताकद द्रव नायट्रोजनमध्ये दीडपटीच्या आसपास होते, कारण खोलीत हवेतला ओलावा काचेच्या सूक्ष्म भेगा हळूहळू वाढवत असतो आणि ते थंडीत बंद पडतं. तंतू आणि रेझिन यांच्या जोडाची कातर-ताकदही बहुतेक एपॉक्सी प्रणालींत वाढते. रिपोर्ट लिहिणाऱ्याला आनंद व्हावा असे सगळे आकडे.

पण फाटेपर्यंत किती ताणता येतं, तो आकडा बघा. चांगली एपॉक्सी खोलीत ५ टक्के स्ट्रेन (मूळ लांबीच्या तुलनेत ताणलं जाणं) सोसते, तीच ७७ केल्विनला (उणे १९६) २ टक्क्यांच्या आसपास फाटते. आणि लॅमिनेटमध्ये तिला बाहेरून कुणी ओढायची गरजच नसते. आतूनच ओढ लागलेली असते.

९० आणि ० अंशांचे थर एकत्र क्युअर केलेत, १८० अंशांना. कार्बन तंतू स्वतःच्या लांबीत जवळजवळ आकसत नाही, उलट किंचित प्रसरण पावतो. त्याला आडव्या दिशेने मात्र थर अंशामागे ३० मायक्रोस्ट्रेनच्या (लांबीच्या दशलक्षांश भागांच्या) आसपास आकसू पाहतो. शेजारचा थर त्याला आकसू देत नाही. १८० पासून २० पर्यंत आलो की साधारण ०.५ टक्का अडलेली स्ट्रेन. पुढे उणे १९६ पर्यंत आकसण्याचा दर घटत जातो, तरी आणखी ०.४ च्या आसपास भर पडते. एकूण ०.९. आणि असा आडवा थर फाटतो कधी? बऱ्याच प्रणालींत ०.५ ते ०.८ टक्क्याला. म्हणजे टाकीत इंधन भरायच्या आधीच, नुसतं थंड करून, तडा जाण्याइतकी सोय लॅमिनेटने स्वतःच करून ठेवलेली असते.

माझा सगळा मुद्दा इथे येतो. क्युअरनंतर थंड होताना, ग्लास ट्रान्झिशनच्या जवळ असेपर्यंत, रेझिन या ताणातला काही भाग सोडून देतं. त्या टप्प्यात सावकाश थंड केलं तर जास्त सोडतं. खोलीच्या तापमानाला महिनोन्‌महिने थोडं थोडं सोडत राहतं. उणे ५०, उणे ८० ला बीटाच्या जोरावर अजून थोडं. आणि त्यानंतर दार बंद. उणे १३० च्या खाली जेवढा ताण चढतो, तेवढा सगळा मुक्कामाला राहतो. खोलीच्या तापमानाला क्रीप म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, तीच सोडून देण्याची क्षमता लॅमिनेटला वाचवत असते. थंडीत मॉड्युलस दुप्पट होतो म्हणजे त्याच अडलेल्या स्ट्रेनला ताणही दुप्पट, आणि सोडायची वाट बंद.

म्हणून ‘थंडीत व्हिस्कोइलॅस्टिक विसरा’ हे म्हणणं मला मान्य नाही. गणितात अखेरचा टप्पा इलॅस्टिक धरा, हरकत नाही. पण तो टप्पा कुठल्या ताणापासून सुरू होतो, हे वरच्या व्हिस्कोइलॅस्टिक इतिहासाने ठरवलेलं असतं.

इंधनटाकी

वाचताना राहवलं नाही म्हणून लिहितोय. या सगळ्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे नासाच्या एक्स-३३ या प्रायोगिक अंतराळयानाची द्रव हायड्रोजनची टाकी. कार्बन-एपॉक्सीच्या दोन पत्र्यांमध्ये मधाच्या पोळ्यासारखा गाभा, अशी रचना. नोव्हेंबर १९९९ मध्ये मार्शल केंद्रात तिची चाचणी झाली. टाकी भरली, दाब दिला, सगळं ठीक. टाकी रिकामी केल्यानंतर, गरम होत असताना, बाहेरचा पत्रा गाभ्यासकट आतल्या पत्र्यापासून सुटून उखडला.

कारण असं निघालं, की थंडीत आणि दाबाखाली आतल्या पत्र्यात सूक्ष्म तडे गेले आणि त्यांतून हायड्रोजन गाभ्यात शिरला. गाभा इतका थंड होता, की बाहेरून नायट्रोजनही आत ओढला गेला. मग गरम होताना तडे मिटले, आत अडकलेल्या वायूचा दाब वाढत गेला, आणि बाहेर पडायला वाट नाही. चिकटवलेल्या जोडाची ताकद अपेक्षेपेक्षा कमी असणं हेही त्या चौकशीत नोंदलं गेलं. २००१ मध्ये तो कार्यक्रमच बंद झाला.

मला यात सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते हे, की टाकी ताकदीत कमी पडली नव्हती. पत्र्याने भार पेलला. फक्त तो वायूला अडवण्याइतका अखंड राहिला नाही. टाकीच्या बाबतीत पहिला सूक्ष्म तडा हीच हद्द धरायला हवी. लॅमिनेट तुटेपर्यंतची ताकद हा तिथे गैरलागू आकडा आहे.

पुढे नासा आणि बोईंगने २०१३ मध्ये २.४ मीटर आणि २०१४ मध्ये ५.५ मीटर व्यासाच्या कंपोझिट टाक्या द्रव हायड्रोजनने तपासल्या. मोठ्या टाकीच्या भिंतीत काही थर मुद्दाम खूप पातळ ठेवले होते. थर पातळ असला की शेजारचे थर त्याला घट्ट धरतात आणि त्याच स्ट्रेनला आरपार तडा जाणं अवघड होतं. रेझिन तेच, तंतू तेच, फक्त जाडी बदलून तड्यांचा उंबरठा वर नेता येतो. हे मला फार आवडलेलं काम आहे.

पवनपाते

थोडा वेगळा सूर लावतो. मी पवनचक्कीच्या पात्यांवर काम करतो. आमच्याकडे थंड प्रदेशासाठी साधारणपणे उणे ३० पर्यंत चालणं आणि उणे ४० ला टिकून राहणं एवढं बघतात. ग्लास-एपॉक्सीच्या पट्ट्यांचा तंतूंच्या दिशेतला ताणाचा फटीग (वारंवारच्या भाराखाली टिकणं) त्या तापमानाला बहुतेक वेळा खोलीपेक्षा सरसच निघतो. मॉड्युलसमधला फरक तंतूंच्या दिशेने नगण्य. म्हणजे रोजच्या डिझाइनला इलॅस्टिक पुरतं. द्रव हायड्रोजनची भीती सगळ्यांना घालायची गरज नाही, असं माझं प्रामाणिक मत.

मला सतावतं ते वेगळंच. थंडीत गारेचा किंवा बर्फाच्या ढेपेचा मार बसला की चिकटवलेल्या कडेला आणि जेलकोटला (पात्यावरच्या बाहेरच्या रेझिनच्या थराला) तडे दिसतात. तापमान उणे १० सुद्धा नसतं कधीकधी, बीटाच्या शिखरापासून कितीतरी वर. मग तिथे रेझिन ठिसूळ का वागतं?

अनाहत_कंप

पात्याच्या मुख्य पट्टीबद्दल पूर्ण सहमत. तंतूंची दिशा असेल तर तुम्ही म्हणता तसंच.

माराबद्दल तुमच्या प्रश्नातच उत्तर दडलंय. बीटाचं शिखर उणे ५० ला आहे ते १ हर्ट्झला. गारेचा मार मिलिसेकंदात आटोपतो, म्हणजे शेकडो ते हजार हर्ट्झचा मामला. वरचाच हिशेब १००० हर्ट्झला केला तर शिखर सरकून शून्याच्या किंचित वर, साधारण ५ अंशांना येतं. त्या धक्क्याच्या दृष्टीने उणे १० चं पातं शिखराच्या थंड बाजूला आहे. स्वतःला सावरून घ्यायला रेझिनला जेवढा वेळ लागतो, तेवढा मार देतच नाही. ठिसूळपणाला इतर कारणंही असतात, जेलकोटचं वय, त्यातली पोकळी वगैरे, पण तापमान सांगताना त्यासोबत वेळ सांगितला नाही तर वाक्य अर्धंच राहतं.

चिकटपट्टी

मग रबर घालून टफ केलेलं रेझिन वापरलं तर? आमच्या ॲढेसिव्हमध्ये सीटीबीएन (एक द्रव रबर) असतं, खोलीच्या तापमानाला फारच छान काम करतं.

रेझिनवाली

उणे ४० पर्यंत बहुधा उपयोग होईल, पण डेटाशीटमधला खोलीचा आकडा तिथे धरू नका. रबराचे कण रेझिनला वाचवतात कसे? भेगेच्या टोकाशी कण आतून फाटून पोकळ होतात आणि भोवतीचं रेझिन कातरून वाहू शकतं. त्यासाठी कण रबर असला पाहिजे. सीटीबीएनचं स्वतःचं ग्लास ट्रान्झिशन ॲक्रिलोनायट्राइलच्या प्रमाणानुसार उणे ५० च्या आसपास येतं. त्याखाली तोही काच. आणि धक्का वेगवान असेल तर, वर अनाहत_कंप यांनी सांगितलं तेच, ही हद्द आणखी वर सरकते. पॉलीब्युटाडाइनचा गाभा असलेले कोअर-शेल कण आणखी खाली साथ देतात, सिलिकोन गाभ्याचे त्याहून खाली, कारण सिलिकोन रबराचं ग्लास ट्रान्झिशन उणे १२५ च्या जवळ आहे. द्रव नायट्रोजनला मात्र यातलं कुणीच रबर राहत नाही. तिथे भरवसा पातळ थरांवर आणि क्युअर तापमान कमी ठेवण्यावर.

केल्विनशून्य

एक भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून विचारतो. ४ केल्विनला तरी हा ऊर्जेचा ऱ्हास, म्हणजे टॅन डेल्टा, शून्य होतो का? अरेनियसने बघितलं तर व्हायलाच हवा.

अनाहत_कंप

होत नाही, आणि या विषयातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच. १९७१ मध्ये झेलर आणि पोल यांनी दाखवलं, की काचेसारखे पदार्थ १ केल्विनच्या खाली स्फटिकांपेक्षा अगदी वेगळी उष्माधारकता दाखवतात. पुढच्याच वर्षी अँडरसन, हाल्पेरिन आणि वर्मा यांनी, आणि स्वतंत्रपणे फिलिप्स यांनी, त्याचं कारण मांडलं: अव्यवस्थित रचनेत काही अणुगटांना जवळजवळ सारख्या ऊर्जेच्या दोन जागा असतात, आणि उष्णता नसतानाही ते एका जागेतून दुसरीत टनेलिंगने (मधला अडसर न चढता, क्वांटम परिणामाने आरपार) जातात. म्हणून काचा आणि अस्फटिक पॉलिमर यांचा अंतर्गत ऱ्हास काही केल्विनच्या खाली एका पठारावर येऊन थांबतो, १० चा उणे ४ वा ते उणे ३ रा घात या दरम्यान. पदार्थ कुठलाही असो, पठार जवळपास तिथेच. आधाराच्या डिझाइनला याचा काही उपयोग नाही. पण अतिसंवेदनशील उपकरण टांगायचं असेल तर याची दखल घ्यावी लागते.

शीतकोश

सगळ्यांचे मनापासून आभार. मी ठरवलंय ते असं: आधाराचे तापमानानुसार तुकडे पाडायचे, गरम बाजूच्या एक तृतीयांश भागाला खोलीच्या तापमानाचा क्रीप, मधल्या भागाला उणे ६० ते उणे १३० चा रिलॅक्सेशन डेटा, थंड टोकाला इलॅस्टिक पण अडलेल्या ताणासकट. बोल्टांना इन्व्हारची बाही. आता शेवटचं विचारतो. रात्रभर धरलेल्या पट्टीचा लोड उतरला तो बीटामुळे की आत तडे गेल्यामुळे, हे कसं ओळखू?

तंतुमय

कडा पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हा सरळ रस्ता. चाचणीच्या आधीही एकदा बघा, नाहीतर कापताना पडलेले तडे चाचणीच्या माथी मारले जातात.

अनाहत_कंप

त्याच्या जोडीला पट्टी मोकळी सोडून खोलीच्या तापमानाला आणा आणि काही तास ठेवा. बीटाने सोडलेला ताण परत मिळवता येतो: पट्टी सरळ होईल, आणि पुन्हा उणे १०० ला नेऊन तितकीच वाकवलीत तर सुरुवातीचा लोड पहिल्या वेळेइतकाच भरेल, पुन्हा त्याच गतीने उतरेल. तडे गेले असतील तर दुसऱ्या वेळी सुरुवातीचा लोडच कमी भरेल. थंड करण्याचा वेग मात्र दोन्ही वेळा तोच ठेवा, आणि तापमान स्थिर झाल्यावर पट्टीच्या गाभ्यापर्यंत थंडी पोचायला वेळ द्या. एपॉक्सी उष्णता फार सावकाश वाहून नेते. पहिल्या काही मिनिटांत दिसणारा उतार बऱ्याचदा तापमानाचाच असतो.

शीतकोश

पट्टीच्या मधोमध थर्मोकपल बसवून करतो. आकडे आले की याच धाग्यावर टाकतो.